वजन उतरले, पण बाबांना बाजेवरून उठवेना : अडुसष्टाव्या वर्षी नेमके काय कमी करावे?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखू लागला म्हणून त्यांनी चार एकर वावर मक्त्याने दिले, बैलजोडी विकली आणि तेव्हापासून त्यांचा दिवस ओट्यावर, पारावर आणि टीव्हीसमोर जातो. खाणे मात्र डवरणीच्या दिवसांतलेच राहिले : दोन्ही वेळा ज्वारीच्या तीन-तीन भाकरी, वरून भात, आणि कुणी आले-गेले की साखरेचा चहा. दिवाळीनंतर तालुक्याला तपासणी केली तेव्हा उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर, उपाशीपोटीची साखर ११८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.२ आणि रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २१० निघाले. रक्तदाबाची एक गोळी आधीपासून चालू आहे. डॉक्टरांनी ‘सहा-सात किलो वजन कमी करा’ एवढेच सांगितले. कसे करायचे ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

बाबांनी ते मनावर घेतले, पण आपल्या पद्धतीने. रात्रीचे जेवण बंद केले; सकाळी चहा, दुपारी एक भाकर आणि पातळ वरण. दोन महिन्यांत सात किलो उतरले आणि घरात सर्वांना बरे वाटले. परंतु गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आले, की बाजेवरून उठताना ते दोन्ही हात कडेवर रोवतात, दोनदा पुढे-मागे झोका घेतात आणि तिसऱ्या वेळी उभे राहतात. पाण्याची बादली न्हाणीपर्यंत नेताना मध्ये एकदा खाली ठेवतात. दिवाळीत असे नव्हते.

मला विचारायचे आहे ते असे, की साखर आणि रक्तातली चरबी सुधारते ती वजन कमी झाल्याने, की व्यायामाने? बाबांचे म्हणणे, ‘जन्मभर वावरात राबलो, आता कसला व्यायाम?’ शेजारचे काका म्हणतात, की म्हातारपणी अंगावर थोडे मांस असलेलेच बरे. कोणाचे ऐकावे?

तालुक्याची डॉक्टर (वर्धा जिल्हा) यांचे उत्तर

भाऊ, तुमच्या प्रश्नात रक्ताच्या तपासणीचे तीन आकडे आहेत, पण त्या सर्वांहून मोलाचे निरीक्षण बाजेवरच्या दोन झोक्यांचे आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलून घेतात. मांड्या, ढुंगण आणि पाठ यांचे मोठे स्नायू हे साखरेचे कोठार आहे असे समजा. वय वाढते तसे हे कोठार लहान होते, आणि काम थांबले की ते आणखी झपाट्याने आकसते. दुसरीकडे पोटात आणि यकृतात चरबी साचली, की यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. उपाशीपोटीची साखर ११८ दिसते ती बरीचशी त्यामुळे. म्हणजे बिघाड दोन ठिकाणी आहे. खाणे आटोक्यात आणून वजन उतरले, की यकृतातली चरबी लवकर कमी होते, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड खाली येतात. स्नायूंचे काम मात्र स्नायूंना वापरूनच सुधारते, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. तुमच्या वडिलांनी यकृताची बाजू सांभाळली आणि स्नायूंची बाजू उपाशी ठेवली.

उपाशी राहून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही येतात. तरुण माणसाला ते निभते, अडुसष्टाव्या वर्षी निभत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आहार कमी करणाऱ्यांचे वजन सुमारे १० टक्के घटले, पण चरबी वगळता उरणारे शरीराचे वजनही ५ टक्क्यांनी घटले आणि खुब्याच्या हाडाची घनता २.६ टक्क्यांनी उतरली. आहारासोबत व्यायाम करणाऱ्यांचे वजन जवळजवळ तेवढेच, ९ टक्के, घटले. मात्र हे दोन्ही तोटे अनुक्रमे ३ आणि १.१ टक्के एवढेच राहिले आणि उठणे, चालणे, पायऱ्या चढणे यांत तेच सर्वांच्या पुढे गेले. ज्यांनी आहार न बदलता केवळ व्यायाम केला त्यांचे वजन जागच्या जागी राहिले, तरी त्यांचीही हालचाल सुधारली. याच चमूने २०१७ मध्ये १६० स्थूल ज्येष्ठांवरच्या अभ्यासात वजन कमी करण्यासोबतच्या व्यायामाचे प्रकार ताडून पाहिले, तेव्हा चालण्यासारखा दमसासाचा आणि ताकदीचा असे दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सर्वाधिक वाढली. नुसता दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू अधिक झिजले होते. ‘रोज चालतो, मग पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

साखरेपुरते बोलायचे, तर वडिलांचा आकडा मधुमेहाचा नाही, त्याच्या उंबरठ्यावरचा आहे. या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठी ओलांडलेल्यांत तर आहार-व्यायामाचा फायदा ७१ टक्के होता. म्हणजे ‘या वयात काय फरक पडणार’ ही शंका उरत नाही. आणि चेन्नईच्या अभ्यासात (२००६) वजनात फारसा फरक न पडताही जीवनशैली बदलणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. आपल्याकडच्या माणसाला हे विशेष लागू आहे, कारण आपण काट्यावर बारीक दिसतो आणि पोटात चरबी बाळगतो; पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे मांडलेली गोष्ट हीच. त्यामुळे काट्यापेक्षा टेपकडे पाहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर मोजलेला घेर आपल्या पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

शेजारच्या काकांचे म्हणणे शब्दशः घेतले तर खरेच आहे : मांस असावे. पोट म्हणजे मांस नव्हे. आणि बाबांना विचारा, की दोन वर्षे कोठ्यात बांधलेला बैल एकदम वखराला जुंपला तर चालेल का? स्नायूंवर व्यायामाचा साखर ओढण्याचा परिणाम फार तर एक-दोन दिवस टिकतो, तिथे दोन वर्षांपूर्वीची डवरणी आज कामाला येत नाही.

आता सुरुवातीला एवढे करा. वजन उतरवणे महिनाभर थांबवा, रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा, पण भाकर दीड आणि वरण घट्ट. हाताचा आधार न घेता बाजेवरून आठ वेळा उठणे-बसणे, थोडी विश्रांती, पुन्हा आठ, असे दिवसाआड. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. साठीपुढच्या, साखर वाढलेल्या लोकांवरच्या एका लहानशा अभ्यासात (२०१३) तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर, सकाळी एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. पुढे वजन उतरवायला घ्याल तेव्हा आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक नको.

निवृत्त गुरुजी (बुलढाणा जिल्हा) यांचे उत्तर

डॉक्टरताईंनी शास्त्र सांगितले, मी माझी गोष्ट सांगतो. माझे वय ७१. सहा वर्षांपूर्वी एचबीएवनसी ७.४ निघाली आणि मी पहाटे पाच किलोमीटर चालू लागलो. वर्षभर एकही दिवस चुकवला नाही, साखर थोडी उतरली, वजन पाच किलोने कमी झाले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरून बसलो. लागले काही नाही. पण भिंत धरूनही मला उठता येईना. नातवाला हाक मारावी लागली. पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाची ही अवस्था!

पुढे फिजिओथेरपिस्टने सायकलचा जुना ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून ओढायला लावला, चौकट धरून टाचा उचलायला लावल्या, आणि पिशवीत दोन किलो हरभरा घालून ती खांद्यापर्यंत उचलायला सांगितली. हरभरा आता चार किलोवर आला आहे. औषध तेच असून गेल्या वर्षापासून एचबीएवनसी ६.६ च्या आसपास राहते. चालणे मी सोडले नाही, फक्त रात्रीच्या जेवणानंतर हलवले. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सकाळी नऊनंतर घराबाहेर पडवत नाही आणि पावसाळ्यात पांदणीत चिखल व साप दोन्ही असतात, म्हणून मी जिल्हा परिषद शाळेच्या लांब व्हरांड्यात, हातात बॅटरी घेऊन फेऱ्या मारतो. ज्या व्हरांड्यात तीस वर्षे पोरांना पळू नका म्हणून ओरडलो तिथेच!

धुऱ्यावरचा

डॉक्टरताई, गुरुजी, मनापासून आभार. बाबांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. बैलाच्या उदाहरणावर ते हसले आणि तयार झाले, फक्त ‘पारावरून दिसेल असे करणार नाही’ अशी त्यांची अट आहे. दोन अडचणी उरल्या. एक, उठताना उजवा गुडघा दुखतो. दुसरी, स्नायूंसाठी अंडी खा असे सगळे सांगतात. आमच्या घरात माळ आहे, अंडे चालत नाही.

तालुक्याची डॉक्टर

गुडघा दुखतो तो खालून उठताना अधिक वाकतो म्हणून. बाजेच्या चारही पायांखाली एकेक वीट घट्ट बसवा, ती डगमगत नाही याची स्वतः बसून खात्री करा आणि उंचीवरून उठू द्या. ताकद आली की विटा काढा. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणून दुखण्याच्या भीतीने बसून राहणे हा उलटा उपाय ठरतो. मात्र गुडघा सुजला किंवा गरम लागला तर थांबून दाखवून घ्या.

अंड्यावाचून काही अडत नाही. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत असे ज्येष्ठांच्या पोषणाचे तज्ज्ञ सांगतात. तुमच्या वडिलांसाठी ती ७० ते ८५ ग्रॅम होतात; एक भाकर आणि पातळ वरणाने त्याचा चौथा हिस्साही भरत नाही. मूठभर फुटाणे, घट्ट तुरीचे वरण, बेसनाचे पिठले, दही, मठ्ठा हे सर्व घरचेच आहे. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्या भागाचे एक नवल वाटते, की घरोघरी सोयाबीनची पोती असतात, ती सगळी बाजार समितीत जातात आणि घरात वडीसुद्धा शिजत नाही. फक्त प्रथिने वाढवण्याआधी रक्तातली क्रिएटिनिन एकदा तपासा, कारण मूत्रपिंड अशक्त असेल तर हे प्रमाण बदलते.

उपकेंद्रातली सिस्टर (गोंदिया जिल्हा) यांचे उत्तर

उशिरा लिहीत आहे, पण तीन गोष्टी राहिल्या आहेत असे वाटते. रक्तदाबाची गोळी वजन ७८ असताना ठरलेली आहे. सात किलो उतरल्यावर तीच मात्रा जास्त होऊ शकते, आणि उन्हाळ्यात घाम गेला की त्याहून. म्हणून बसून आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी, असा रक्तदाब मोजून घ्या. उठताना झोका घ्यावा लागतो तो ताकद नसल्यामुळे, की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून सावध होऊन, हेही त्यांना विचारा. आमच्याकडे येणारे आजोबा अंधारीचे आपणहून सांगत नाहीत. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरे, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेल असलेल्यांच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यामुळे एचबीएवनसी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. उलट लोह कमी असल्याने झालेल्या रक्तक्षयात ती जास्त दिसू शकते. अशा घरांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहून ठरवावे. आणि ज्यांना साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे त्यांनी जेवण टाळून व्यायाम करू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी.

तिसरे, वजन प्रयत्नाशिवायच उतरत असेल तर आनंद मानू नका. क्षयरोग, वाढलेली साखर किंवा आणखी काही आहे का, ते आधी पाहावे लागते. तुमच्या वडिलांचे कारण माहीत आहे म्हणून मी निर्धास्त आहे. जेवण सुरू करूनही वजन उतरत राहिले तर निर्धास्त राहणार नाही.

धुऱ्यावरचा

सिस्टर, विचारले. अंधारी येते, पहाटे लघवीला उठताना, आणि गेले पंधरा दिवस येते आहे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. आज आमच्या उपकेंद्रात वरचा रक्तदाब बसून १२४ आणि उभे राहिल्यावर १०० भरला. तिथल्या ताईंनी लगेच तालुक्याला चिठ्ठी दिली आहे, उद्या सकाळच्या एसटीने नेतो. विटा कालच लावल्या. मागच्या खोलीत, दार लोटून, बाबा हात न लावता पाच वेळा उठले, सहाव्या वेळी कडेला हात गेला. गोळीचे ठरेपर्यंत मात्र ते एकट्याने करू देत नाही, मी शेजारी उभा राहतो.