क्रॉनिक फटीग सिंड्रोम आणि नायट्रिक ऑक्साइड : पॉल यांचे गृहीतक आज कितपत टिकते?

अन्वयार्थी (धागाकर्ती)
अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे जीवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन पॉल यांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोमबद्दल, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घकालीन थकव्याच्या आजाराबद्दल, २००० साली असे मांडले की, विषाणुसंसर्गासारख्या धक्क्यानंतर शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढते, सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपाशी त्याचा संयोग होऊन पेरॉक्सिनायट्राइट हे घातक संयुग तयार होते, आणि हे संयुग पुन्हा त्या दोघांच्याच निर्मितीला चालना देते. संसर्ग ओसरला तरी हे चक्र थांबत नाही.

हे गृहीतक मला आजही दखलपात्र वाटते. अनेकांचा आजार संसर्गानंतरच का सुरू होतो आणि पेशींची ऊर्जा का आटते, या दोन्ही प्रश्नांना ते एकत्रित उत्तर देते. नायट्रिक ऑक्साइड मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जाकेंद्रांतील) सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला), ऑक्सिजन जिथे बसतो तिथेच जाऊन, अडवते हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. स्पेनमधील एका अभ्यासात तर व्यायामानंतर रुग्ण स्त्रियांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडची अंत्य संयुगे निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त वाढलेली आढळली.

काथ्याकूट
अंत्य संयुगे आढळली, नायट्रिक ऑक्साइड नव्हे. माझी पहिली हरकत इथेच आहे. हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो, म्हणून रक्तातील नायट्राइट आणि नायट्रेट मोजून त्यावरून अंदाज बांधावा लागतो. आता पालेभाज्यांत आणि बिटात नायट्रेट भरपूर असते, त्यामुळे आदल्या दिवसाच्या जेवणावर कडक नियंत्रण नसेल, तर त्या आकड्यातून आजार दिसतो की आहार, हे सांगणे कठीण होते.

दुसरे असे की, पॉल यांनी हेच चक्र फायब्रोमायल्जिया (अंगभर वेदनांचा आजार), रसायनांची अतिसंवेदनशीलता आणि आघातोत्तर मानसिक तणाव यांनाही लावले. इतक्या कुलपांना लागणारी किल्ली पाहिली की मला कुलपांचीच शंका येते.

नाडीपरीक्षा
दोघेही नायट्रिक ऑक्साइड जास्त आहे की नाही, एवढ्यावरच वाद घालत आहात. अलीकडचे पुरावे नेमके उलट बाजूचे आहेत. दंडावर पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखतात, मग पट्टा सोडून धमनी किती रुंदावते हे अल्ट्रासाउंडवर पाहतात. निरोगी माणसात परतलेल्या रक्ताच्या रेट्याने धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी फुलते. नॉर्वेतील बर्गेनच्या गटाला २०२१ साली या रुग्णांमध्ये हे फुलणे कमी आढळले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात रुग्णांचा रक्तद्रव अस्तराच्या पेशींवर घातला, तेव्हा त्या पेशींनी नायट्रिक ऑक्साइड कमी तयार केले. उभे राहिले की गरगरणे आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळणे ही लक्षणे रक्तपुरवठ्यातील अशा तुटवड्याशी अधिक जुळतात, असे माझे मत आहे.

अन्वयार्थी
यात मला विरोधाभास दिसत नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या साहाय्यकाची गरज असते. पेरॉक्सिनायट्राइटमुळे तो साहाय्यक नष्ट झाला, की तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागते. म्हणजे धमनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी आणि पेरॉक्सिनायट्राइटची झळ मात्र कायम, अशी स्थिती सहज संभवते.

काथ्याकूट
वाढले तरी गृहीतक खरे आणि घटले तरी खरे, तर ते खोटे ठरायचे कधी? शिवाय साहाय्यक कमी पडतो हा तुमचा दावा तपासता येण्याजोगा आहे. २०२३ साली अमेरिकेतील एका गटाला, उभे राहिल्यावर त्रास होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात टेट्राहायड्रोबायोप्टेरिन कमी नव्हे, उलट वाढलेले आढळले.

अन्वयार्थी
तो निष्कर्ष अडचणीचा आहे, हे नाकारत नाही. परंतु रक्तद्रवातील पातळी म्हणजे पेशीच्या आतील पातळी नव्हे, आणि विकराला लागतो तो पेशीच्या आतला साठा.

उंबरठा
वादात पडत नाही, मात्र मी स्वतः या आजाराचा रुग्ण असल्याने एक गोष्ट नोंदवतो. असे धागे वाचून लोक नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या एल-आर्जिनिनच्या गोळ्या आणतात, तर पॉल यांचे वाचलेले लोक ते शोषून घेणारे हायड्रॉक्सोकोबालामिन घेतात. एकाच आजारासाठी परस्परविरुद्ध उपाय! नायट्रेट वर्गातील औषधांनी रक्तदाब उतरतो, आणि आमच्यापैकी अनेकांना उभे राहणेच जड जाते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही घेऊ नये.

नाडीपरीक्षा
अगदी रास्त.

काथ्याकूट
धागाकर्तीने माझ्या प्रश्नाला बगल दिली आहे. कोणता निकाल आला तर आपण हे गृहीतक सोडाल?

अन्वयार्थी
आहार नियंत्रित ठेवून, श्रमाच्या आधी आणि त्रास शिगेला असताना, एकाच रुग्णाच्या स्नायूच्या नमुन्यात पेरॉक्सिनायट्राइटने प्रथिनांवर सोडलेली खूण, म्हणजे नायट्रोटायरोसिन, तपासावी. निरोगी लोकांच्या तुलनेत ती दोन्हींपैकी एकाही वेळी वाढलेली नसेल, तर मी गृहीतक सोडेन.

काथ्याकूट
चालेल. फक्त तुलनेतले निरोगी लोक रुग्णांइतकेच बैठे असावेत. नुसत्या हालचालीच्या अभावानेही धमनीचे अस्तर मंदावते, आणि हीच हरकत मला बर्गेनच्या निष्कर्षांबद्दलही आहे.