मदत हवी आहे: गणपतीच्या देखाव्यात हॅरी पॉटरचा किल्ला, परवानगी लागते का?
नमस्कार मंडळी, कोथरूडमधलं आमचं छोटं मंडळ आहे, यंदा पोरांच्या हट्टापायी हॅरी पॉटरमधल्या जादूच्या शाळेचा देखावा चाललाय, पुठ्ठा आणि बांबूचे बुरुज पार मांडवाच्या वर निघालेत. तिकीट नाही, काही विकणार पण नाही, फक्त कमानीवर एका सराफांची जाहिरात असणार कारण नुसत्या वर्गणीत भागत नाही.

२००७ मध्ये कोलकात्यात दुर्गापूजेच्या अशाच मांडवावरून हॅरी पॉटरची लेखिका रोलिंग आणि त्यावर सिनेमे काढणारी कंपनी वॉर्नर ब्रदर्स दिल्ली हायकोर्टात गेले होते आणि कोर्टाने पूजा संपेपर्यंत मांडव राहू दिला, हे वाचलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ पण चाळलं, धार्मिक विधीसाठी सूट आहे पण ती गाणी, नाटक वगैरे सादर करण्यापुरती दिसते. कंपनीला मेल टाकलाय, उत्तर नाही. ओळखीचे वकील जमिनीच्या केसेस बघतात, ते म्हणाले हा माझा विषय नाही. पोलीस, महापालिकेच्या परवानग्यांचं आम्हाला माहितीये, आणि थीम बदला असं प्लीज सांगू नका, पोरांनी जीव ओतलाय.

कॉपीराइटचं काम करणारं कुणी असेल तर सांगा, प्रवेश फुकट असला तरी त्या जाहिरातीमुळे हा व्यावसायिक वापर धरतात का, आणि नाव, लोगो काहीच न लावता नुसता किल्ला उभा केला तरी परवानगी लागतेच का?