कायद्याविषयीच्या त्या जुन्या कोटीत तथ्य किती?

प्रश्न :
इंग्लंडमध्ये जे निषिद्ध नाही ते सारे करता येते, जर्मनीत ज्याची परवानगी नाही ते सारे निषिद्ध असते आणि फ्रान्समध्ये निषिद्ध असलेलेही करता येते, ही कोटी आपण ऐकली असेल. वक्तृत्व स्पर्धेतील भाषणात ती घेण्याचा माझा विचार आहे. परंतु नुसती थट्टा करण्यापेक्षा तिच्यात तथ्य किती, हे आधी समजून घ्यावेसे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
लोकांच्या वागण्यापुरते जर्मनीविषयीचे वाक्य मला पटते. मी तेथे नोकरीनिमित्त राहतो. रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल दिव्यापाशी थांबलेले पादचारी रोज दिसतात. दंड साधारण ५ युरोच आहे, म्हणजे भीती हे त्याचे कारण नव्हे. एकदा घाईत मी पाऊल पुढे टाकले, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता जवळच्या लहान मुलाकडे बोट दाखवले आणि मी मागे आलो. इंग्लंडमध्ये मात्र पादचाऱ्याने लाल दिव्यावर रस्ता ओलांडणे हा मुळात गुन्हाच नाही.

उत्तर २ :
वागणे बाजूला ठेवून कायदा पाहिला, तर कोटी टिकत नाही. जे कायद्याने निषिद्ध नाही त्याला अटकाव करता येणार नाही, हे तत्त्व फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पाचव्या कलमातच आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयानेही १९५७ मध्ये नागरिकाचे सर्वसाधारण कृतिस्वातंत्र्य मान्य केले.

इंग्लंडचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पोलिसांनी आपला फोन चोरून ऐकला म्हणून मालोन नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी न्यायालयात गेला. १९७९ मध्ये न्यायमूर्ती मेगॅरी यांनी, जे स्पष्टपणे निषिद्ध नाही ते येथे करता येते, हेच तत्त्व सांगितले आणि फोन ऐकण्यास मनाई करणारा कायदा नसल्यामुळे मालोन हरला. नागरिकासाठी असलेली मोकळीक अशा रीतीने पोलिसांच्या पदरात पडली. पुढे १९८४ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मालोनच्या बाजूने निकाल दिला आणि १९८५ मध्ये ब्रिटिश संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. सरकारला मात्र कायद्याने दिलेलाच अधिकार असावा, हा भेद आपण भाषणात अवश्य मांडावा.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. भाषणाची सुरुवात आता मालोनच्या फोनपासूनच करीन. निकालपत्र मुळातून वाचायचे आहे. खटल्याचे पूर्ण नाव कळवाल का?

उत्तर २ :
मालोन विरुद्ध मेट्रोपॉलिटन पोलीस कमिशनर.