तिरक्या दोरीने ओढलेली पेटी, माझं उत्तर ४ येतंय आणि पुस्तकात ४.५६

घसरगुंडी:
कालपासून एकाच गणितावर अडकलोय, बघा ना कोणीतरी. १० किलोची पेटी जमिनीवर स्थिर आहे, तिला दोरीने ओढायचंय, दोरी आडव्या रेषेच्या वर ३७ अंशात, ताण ५० न्यूटन, घर्षण गुणांक म्हणजे म्यू ०.२, गुरुत्वत्वरण जी १० धरायचा. ४ मीटर सरकल्यावर वेग किती? मी दोरीचं कार्य काढलं, ५० गुणिले ४ गुणिले कॉस ३७, म्हणजे १६० ज्यूल. घर्षण म्हणजे म्यू एमजी, २० न्यूटन, त्याचं कार्य वजा ८०. उरले ८०, ते अर्धा एम व्ही स्क्वेअरला लावले तर वेग बरोब्बर ४. इतकं गुळगुळीत उत्तर आल्यावर मी वही मिटलीच होती, पण मागे ४.५६ दिलंय. छपाईची चूक का?

फुकटचा सल्ला:
एवढं कशाला, एनर्जी कॉन्झर्व्ह होते ना, ५० गुणिले ४ बरोबर अर्धा एम व्ही स्क्वेअर, ६.३ येतं. पुस्तक चुकलंय.

तिरकी रेघ:
वरच्यांचं सोडून दे, घर्षण असताना गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज तशीच राहत नाही, काही भाग उष्णतेत जातो, आणि त्यांनी कॉससुद्धा खाल्लाय.

तुझं जवळजवळ सगळं बरोबर आहे, फक्त घर्षण म्यू एमजी नसतं रे, म्यू गुणिले नॉर्मल असतं, नॉर्मल म्हणजे जमीन पेटीला वर ढकलते ते बल. सपाट जमिनीवरच्या सोप्या गणितांत दोन्ही एकच निघतं म्हणून ती सवय लागते आणि मग इथे फसायला होतं (मी स्वतः दोन परीक्षांत फसलोय). दोरी वर तिरकी आहे म्हणजे ती पेटीला थोडी उचलतेय पण, ५० गुणिले साइन ३७ म्हणजे ३० न्यूटन वरच्या दिशेला. वजन १०० न्यूटन, त्यातले ३० दोरीने पेलले, मग जमिनीला पेलायला ७०च उरले. जमीन लागेल तेवढंच ढकलते, नॉर्मलचं स्वतःचं असं सूत्र नाहीये, तो दर वेळी उभ्या दिशेच्या बेरजेतून काढायचा. आता घर्षण १४ न्यूटन, कार्य वजा ५६, उरले १०४ ज्यूल, व्ही स्क्वेअर २०.८, वेग ४.५६.

आकृती काढली होतीस का खरं सांग.

घसरगुंडी:
नाही काढली 😅 पण एक डोक्यात जात नाहीये, ते ३० न्यूटन वर ओढतायत तर त्यांचं कार्य कुठे गेलं? ते मोजायचं नाही का?

तिरकी रेघ:
पेटी वर गेलीच नाही ना, आडवीच सरकली, त्यामुळे उभ्या दिशेच्या कुठल्याच बलाचं कार्य शून्य, वजनाचं पण आणि नॉर्मलचं पण. ते ३० न्यूटन कार्य करत नाहीत पण नॉर्मल कमी करून घर्षण कमी करतात, म्हणजे हिशोबात मागच्या दाराने येतात.

आधी आकृती:
ताळा करायचा असेल तर एफ बरोबर एमए ने पण बघ. दोरीचा आडवा भाग ५० कॉस ३७ म्हणजे ४०, ४० वजा १४ म्हणजे २६ न्यूटन, त्वरण २.६, मग व्ही स्क्वेअर बरोबर २ गुणिले २.६ गुणिले ४, परत २०.८च. मी तर अंतर दिलंय आणि वेग विचारलाय म्हटलं की सरळ कार्य-ऊर्जेने जाते, वेळ विचारली की मात्र त्वरण काढल्याशिवाय सुटका नाही, इथे साधारण १.७५ सेकंद येईल.

आणि आता हीच पेटी मागून ३७ अंशात खाली दाबत ढकल, तेवढ्याच ५० न्यूटनने. वेग काढून टाक इथे.

घसरगुंडी:
थांबा. आता ३० खाली, म्हणून नॉर्मल १३०, घर्षण २६, उरले १४ न्यूटन, गुणिले ४ म्हणजे ५६ ज्यूल... व्ही स्क्वेअर ११.२, वेग ३.३५?? तेवढाच जोर लावून एवढा फरक?

आधी आकृती:
हो, बरोबर आलंय. आता कोन ७० अंश करून ढकलून बघ, पेटी हलते तरी का.