डेव्हिल्स लेक : उन्हाळा सोडूनही

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बॅराबू गावाजवळचे डेव्हिल्स लेक राज्य उद्यान १९११ साली स्थापन झाले. मॅडिसनहून तासाभरात आणि शिकागोहून साधारण तीन तासांत पोहोचता येत असल्यामुळे इकडची अनेक मराठी कुटुंबे तेथे जातात, परंतु बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच. ज्यांनी इतर ऋतूंत हा तलाव पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

मॅडिसनहून
माझ्या मते खरा हंगाम पानगळीनंतरचा आहे. ऑक्टोबरच्या मध्यास ओक आणि मेपलचे रंग पाहायला झुंबड उडते. ती ओसरून झाडे उघडी पडली की दोन्ही बाजूंचे सुमारे पाचशे फूट उंचीचे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी कोसळलेल्या शिळांचे ढीग स्पष्ट दिसू लागतात. हिमयुगात हिमनदीने या घळीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध टाकले आणि मधोमध पाणी अडून तलाव झाला, हे पुस्तकात वाचून जेवढे समजत नाही तेवढे नोव्हेंबरात पूर्वेकडच्या कड्यावर उभे राहिल्यावर समजते. तेथील जांभळट क्वार्ट्झाइट खडक दीड अब्ज वर्षांहून जुना आहे, आणि काही शिळांवर प्राचीन वाळूवर उमटलेल्या लाटांच्या वळ्या आजही बोटांना लागतात.

शिकागोहून
वरील मताशी सहमत आहे, फक्त एक इशारा द्यावासा वाटतो. सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर बुटांची पकड बसते, त्या भरवशावर येथे चढू नये. हा दगड गुळगुळीत आहे आणि पावसात, किंवा हिवाळ्यात बॅलन्स्ड रॉक या तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळेकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर बसला, तर उतरणे चढण्याहून अवघड होते. थंडीत आम्ही खालूनच, गोठलेल्या तलावात भोके पाडून मासे धरणाऱ्यांना पाहत हिंडतो.

मिलवॉकीहून
एप्रिलमध्ये, गवत वाढण्याआधी, दक्षिण किनाऱ्याजवळचा पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा अवश्य पाहावा. हो-चंक या तेथील मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी रचलेल्या त्या पक्ष्याचे पंख उन्हाळ्यात हिरवळीत हरवतात आणि लोक शेजारून सतरंज्या घेऊन निघून जातात.

मॅडिसनहून, पुन्हा
उन्हाळ्यातच जायचे असेल, तर शनिवार-रविवार टाळावा किंवा सकाळी लवकर पोहोचावे, कारण दुपारपर्यंत वाहनतळ भरतात. तलावात पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरबोटींना परवानगी नसल्यामुळे पोहणाऱ्यांना निवांतपणा मिळतो. वाहनाचा प्रवेश परवाना मात्र बाराही महिने लागतो.