थकबाकीच्या नोटिसा: फिल्टर वर्डमध्ये लावायचा की एक्सेलमध्येच निवड करायची?

नाइलाजाने सेक्रेटरी
आमची ९६ फ्लॅटची सोसायटी. मेंटेनन्सचं शीट एक्सेलमध्ये, नोटीस वर्डमध्ये, मेल मर्ज करून काढायची, म्हणजे शीटच्या प्रत्येक ओळीतलं नाव आणि आकडा भरून वर्ड एकेक पत्र बनवतो. एप्रिलमध्ये शीटला ‘बाकी शून्यापेक्षा जास्त’ असा फिल्टर लावला, १४ ओळी दिसल्या, सेव्ह केलं आणि मर्ज मारला. प्रिंटरमधून पानं येतच राहिली, पण मी फोनवर होते. वॉचमनने संध्याकाळपर्यंत ९६ घरी नोटिसा वाटल्या. “आपल्याकडे रु. ० थकबाकी असून ती १५ दिवसांत भरावी.” वर्षाचे पैसे आगाऊ भरणारे एक काका पावत्यांची फाइल घेऊनच दारात उभे.

मग कळलं की एक्सेलचा फिल्टर वर्ड बघतच नाही. लपवलेल्या ओळीसुद्धा उचलतो.

माझं मत असं झालंय: कोणाला नोटीस जाणार हे शीटमध्येच ठरावं. ‘नोटीस’ नावाचा एक कॉलम, त्यात फॉर्म्युल्याने ‘हो’ किंवा ‘नाही’. टेम्प्लेटने फक्त ‘हो’ बघायचं, बाकी डोकं चालवायचं नाही. पटतं का?

डीटीपीवाला
नाही पटत. तुम्ही फिल्टर चुकीच्या जागी लावलात, त्यात फिल्टरचा काय दोष? मेलिंग्ज टॅब, एडिट रेसिपियंट लिस्ट, त्यात खाली फिल्टर. तिथे लावलेली अट वर्डच्या फाइलबरोबर सेव्ह होते. मी एकाच शीटवर तीन पत्रं चालवतो: आठवण, अंतिम नोटीस, पार्किंगचं बिल. प्रत्येकाची अट त्याच्या त्याच्या पत्रात. तुमच्या पद्धतीने शीटमध्ये तीन जादा कॉलम, आणि उद्या कोणी एका फॉर्म्युल्यावर आकडा टाइप केला की संपलं.

नाइलाजाने सेक्रेटरी
सेव्ह होते हेच तर दुखणं आहे! आधीच्या ट्रेझररने ५००० च्या वरची अट टेम्प्लेटमध्ये टाकून ठेवली होती. कमिटीने मर्यादा २००० केली, ठराव झाला, पण फाइलच्या पोटातली अट कोणी बदलणार? फाइल उघडताना वर्ड एसक्यूएल कमांडबद्दल, म्हणजे शीटमधून ओळी उचलायच्या आदेशाबद्दल, विचारतो, तेव्हा सगळेच ‘येस’ दाबतात. शीटमधला कॉलम निदान डोळ्यांसमोर असतो.

वकिलांकडचा कारकून
डीटीपीवाले, एक करून बघा. बाकी > ० ‘आणि’ विंग = ए ‘किंवा’ विंग = बी. काय येईल? ए विंगचे थकबाकीदार आणि बी विंगचे झाडून सगळे. ‘आणि’ आधी सुटतो आणि त्या खिडकीत कंस घालायची सोय नाही. बाकीची अट दोनदा लिहावी लागते, आणि अटी मिळतात जेमतेम सहा.

शिवाय काही नावं आकड्यावर ठरतच नाहीत. एखाद्याचं प्रकरण सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीला निबंधकांकडे गेलेलं असतं, कोणाचा व्याजावरून वाद चालू असतो. अशांना छापील नोटीस पाठवायची का, हे माणसाने ठरवायचं. त्यामुळे माझ्या मते ‘नोटीस’च्या शेजारी ‘का वगळलं’ हाही कॉलम हवा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर उत्तर तिथेच सापडतं.

डीटीपीवाला
कंसाचं मान्य, मीही एकदा त्यात आपटलोय. पण फॉर्म्युल्याचं बोला ना. नवीन सभासदाची ओळ खाली चिकटवली आणि फॉर्म्युला तिथपर्यंत ओढायचा राहिला, तर ‘नोटीस’ रिकामा. म्हणजे थकबाकीदार गुपचूप सुटला. तुमच्या चुकीत काका फाइल घेऊन आले म्हणून कळलं तरी. सुटलेला माणूस थोडाच सांगायला येतो?

नाइलाजाने सेक्रेटरी
हा मुद्दा खरा आहे. यादीला कंट्रोल+टी करून टेबल केलं तर नव्या ओळीत फॉर्म्युला आपोआप उतरतो, आमच्याकडे आता तसंच आहे. पण हाताने मारलेल्या आकड्याला त्यावर औषध नाही, हेही कबूल.

नवी ट्रेझरर
स्किप रेकॉर्ड इफ कोणी वापरत नाही का? पत्रातच टाकायचं, बाकी शून्य असेल तर ओळ सोडून पुढे.

डीटीपीवाला
ताई, एका पानावर एक पत्र असेल तर चालतं. लिफाफ्यांच्या लेबलांना लावू नका, अख्खं पान गोंधळतं. आणि ते फील्ड पत्राच्या मजकुरात असतं, कोणी पहिली ओळ खोडली की तेही जातं. त्यापेक्षा फिल्टर बरा.

नाइलाजाने सेक्रेटरी
कारकूनसाहेबांची अट आत्ता लावून बघितली. ए मध्ये ५ थकबाकीदार, बी मध्ये ४. यायला हवी होती ९ पत्रं, प्रीव्ह्यूमध्ये शेवटचा नंबर ३७. बी विंगचे बत्तीसच्या बत्तीस फ्लॅट आलेत, काकांसकट. प्रिंट दिलेला नाही.