लाइव्ह कोडिंग : वेगळी कला, की लोकांसमोर केलेलं प्रोग्रॅमिंग?

लयकारी : यूट्यूबवर कुणी वेबसाइट बांधून दाखवतं, त्याबद्दल हा धागा नाही. टायडल सायकल्स, सॉनिक पाय, सुपरकोलायडर या संगीताच्या प्रोग्रॅमिंग साधनांत कोड लिहीत जागच्या जागी संगीत उभं करतात, त्याबद्दल आहे. २००४ मध्ये हॅम्बुर्गला टॉपलॅप हे लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांचं संघटन सुरू झालं. पडदा लोकांना दिसलाच पाहिजे, ही त्यांच्या जाहीरनाम्यातली मागणी. पण माझ्या मते खरा फरक पडद्यात नसून वेळेत आहे. एरवी कोड आधी पूर्ण होतो, मग चालतो. इथे तो चालू असतानाच लिहिला जातो आणि पूर्ण कधी होतच नाही. सॉनिक पायमध्ये लाइव्ह लूपमधला, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या कोडच्या तुकड्यातला, सूर बदलून रन दाबा : चालू फेरी तुटत नाही, पुढच्या फेरीपासून नवा सूर लागतो.

अर्धविराम : असहमत. चालू प्रोग्रॅम बदलणं लिस्प आणि स्मॉलटॉक या भाषांवाले कित्येक दशकं करत आलेत. अर्लांग ही भाषा तर टेलिफोन एक्स्चेंजसाठीच घडली. यंत्रणा बंद न करता त्यात कोड बदलता येतो. त्याला कुणी मैफल म्हणत नाही. श्रोते बाजूला केले की उरतं काय?

लयकारी : एक्स्चेंजमधला बदल कुणाला जाणवला नाही, तर काम फत्ते. इथे तो ऐकू यायलाच हवा, तोही मात्रेवर. टायडलचा मूळ वेग सेकंदाला ०.५६२५ चक्रं. चक्रात चार मात्रा धरल्या तर मिनिटाला १३५. म्हणजे चार चक्रांना जेमतेम सात सेकंद, आणि तेवढ्यात पुढचा बदल लिहून व्हायला हवा. म्हणून तर तिथली लिपी इतकी आटोपशीर आहे : आवाजाच्या नावापुढे तारांकन आणि ४ लिहिलं की तो तेवढ्याच जागेत चारदा वाजतो, चौकटी कंसात दोन आवाज टाकले की एका ठोक्याच्या जागेत दोन बसतात.

मंद्रसप्तक : मला चुका जास्त महत्त्वाच्या वाटतात. टायडलमध्ये ओळ चुकली तर टायडलच्या मुळाशी असलेली हॅस्केल भाषा ती नाकारते आणि जुना पॅटर्न वाजत राहतो. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये असं जुनंच चालू राहिलं तर तो गंभीर दोष. इथे त्यावरच कार्यक्रम तरतो. सॉनिक पायमध्ये लूपमधून स्लीप किंवा सिंक ही थांबायला सांगणारी आज्ञा राहिली की तो लूप तिथेच थांबतो, बाकीचे चालू राहतात. सुपरकोलायडरमध्ये आवाजाची पातळी ०.१ ऐवजी १० पडली तर कानांना आणि स्पीकरला धोका. शेवटच्या टप्प्यावर आवाजाला कमाल मर्यादा घालणारा लिमिटर हवाच, आणि सगळं बंद करणारं कंट्रोल-पूर्णविराम बोटांत बसलेलं हवं.

अर्धविराम : हे मान्य. पण बरेच जण कोड घरून लिहून आणतात आणि मंचावर नुसत्या ओळी सुरू-बंद करतात. मेक्सिको सिटीत कोऱ्या पडद्यावरून नऊ मिनिटांत सादर करायची पद्धत आहे. तेवढ्यालाच मी लाइव्ह म्हणेन.

मंद्रसप्तक : मग तबल्यातला कायदा हा रचनाप्रकारही बाद करावा लागेल. मूळ बोल ठरलेले, पलटे, म्हणजे त्यांचे विस्तार, तिथल्या तिथे. आणि हे मी सहज जोडत नाहीये : बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी १९८० च्या दशकात लखनौच्या तबल्यातले कायद्यांचे विस्तार समजून घेण्यासाठी बोल प्रोसेसर हे सॉफ्टवेअर विकसित केलं. टायडलच्या लघुलिपीवर त्याचा प्रभाव आहे. तयारी किती आणली यापेक्षा समोर काय बदललं, ते बघा.

अर्धविराम : ते बदललेलं श्रोत्यांना कळतं का, हा माझा उरलेला आक्षेप. नाचणाऱ्या माणसाला हॅस्केलची ओळ दाखवून काय उपयोग?

लयकारी : अख्खी ओळ समजायची गरज नाही. आकडा ४ चा ८ झाला आणि हायहॅट (ड्रमच्या झांजांचा ठोका) दुप्पट झाला, एवढं कुणालाही दिसतं. त्यासाठी अक्षर मोठं हवं, आणि पडद्यावर एका वेळी आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नकोत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्ट्रूडलमध्ये वाजणारा शब्द वाजतानाच उजळतो. नवख्यांसमोर सादर करणार असाल तर मी तेच वापरायला सांगेन.